आबाची मोजणी

१३ जानेवारी, जळगाव
रूपा सिस्टरनं ही वही दिली. म्हणाली, पेशंटनं किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, ताप किती, सगळं लिहायचं. लिहिलं. चार ओळींत संपलं. वही दोनशे पानी. मग बाकीचं पण लिहितो, नाही तर बसून बसून वेड लागेल.

माझं नाव नवीन. आठवीत शाळा सोडली. साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर दोराला लटकायला शिकलो, आता तमिळनाडूत तेच करतो. पात्याला तडा गेला की वरून दोर सोडून उतरायचं, घासायचं, भरायचं. जमिनीवर मला करमत नाही. इथं खुर्ची आहे आणि आबा आहेत.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या छातीत पाणी झालंय. फुफ्फुसात नाही, फुफ्फुसाच्या बाहेर, बरगडीच्या आतल्या बाजूला. रावेरला दोनदा सुईनं काढलं, दीड-दीड लिटर. पंधरा दिवसांत परत भरलं. तपासलं तर पाण्यात काही सापडलं नाही. आबा चार पावलं चालले की टेकतात. ज्या माणसानं तीस वर्षं केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध ओलांडले, तो संडासला जाऊन आला की बोलू शकत नाही.

इथल्या डॉक्टर विधी मॅडम. तिशीच्या असतील. आबांनी आधी विचारलं, "बाई, तुमचं कापडाचं दुकान शे ना मेनरोडले?" मॅडम हसल्या. "माझ्या काकांचं आहे. पण मी कापड फाडत नाही, आबा. एवढंच भोक." आणि करंगळीचं टोक दाखवलं.

दुर्बीण टाकणार म्हणे. पूर्ण बेशुद्ध नाही, गुंगी देऊन. काखेच्या खाली एक भोक, त्यातून दुर्बीण आत, पाणी बाहेर, आत काय आहे ते टीव्हीवर दिसतं. शंका वाटेल तिथला तुकडा घ्यायचा.

आबा म्हणाले, "म्हंजे घड पिकला का नही ते पाह्याले एक केळ मोडून पाहतात तसं."
मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच."

१५ जानेवारी
झालं. पाऊण तास लागला. मी तेवढ्यात दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन टाकीचं गळणारं झाकण बसवलं. वॉचमन ओरडला, मग त्यानंच चहा दिला.

मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. आतली भिंत गुलाबी असते, तिच्यावर पांढरे दाणे. मोठे, बारीक, काटेरी. काल संक्रांत होती, सगळीकडे हलवा वाटत होते. हुबेहूब तसलाच हलवा. मी तसं म्हणालो तर मॅडम हसल्या नाहीत.

तुकडे पुण्याला पाठवले. आणि आत पावडर फवारलीय. ती पावडर फुफ्फुस आणि छाती एकमेकांना चिकटवते. चिकटलं की मध्ये जागाच उरत नाही, पाणी साचणार कुठं? पण चिकटायला कोरडं लागतं. म्हणून नळी ठेवलीय. दिवसाला शंभर मिलीच्या खाली आलं, आणि तीन दिवस खालीच राहिलं, की नळी काढायची.

"आणि नाहीच आलं तर?" मी विचारलं.
"तर नळीतूनच पुन्हा पावडर टाकायची. त्यात काही मोठं नाही. वेळ लागेल, पण होईल. मला फक्त आकडा खरा पाहिजे. औषध तोच ठरवतो."

आबा गुंगीतच म्हणाले, "आकड्याची काळजी करू नका, बाई."
ते खरं आहे. आबांना अक्षर येत नाही, पण गाडीत किती घड चढले ते व्यापारी त्यांनाच विचारायचे. एक घड, एक रेघ. प्रत्येक गाडीची वेगळी ओळ. तीस वर्षांत एकदा पण चुकले नाहीत. व्यापाऱ्याचा मुनीम चुकायचा, तोताराम नाही.

१८ जानेवारी
६२०. काल ५८०. परवा ७००.
योगराजभाऊचा फोन. तो धुळ्याचा, माझा सुपरवायझर. "नवीन, बठ्ठा लोके उनात रे. तूच राहिना." म्हटलं, सगळे आले असतील, पण आबांना नळी आहे. म्हणाला, "मी तुनी जागा धरी ठेयेल शे. पण दहा तारखेपर्यंत. मग कंपनी मना हातमा नही." यंदा मला टीमचा पुढारी करणार आहेत. पहिला दोर माझा. वारा वाढला की काम बंद, म्हणजे आत्ताच काय ते. चार वर्षं मी याचीच वाट बघतोय.

२१ जानेवारी
रिपोर्ट आला. मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. शब्द लांब होता, त्यातला कॅन्सर एवढा मला वाचता आला.

म्हणाल्या, "हे बरं होणारं नाही, नवीन. गोळी सुरू करू, काही महिने मिळतील, कदाचित वर्ष. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजार माझ्या हातात नाही. दम लागणं माझ्या हातात आहे. पाणी थांबलं तर ते जेवतील, झोपतील, ओट्यावर बसतील. गुदमरून जाणार नाहीत. एवढं आपण नक्की करू शकतो. म्हणून ती नळी."

मी बाहेर आलो. आबांनी विचारलं, "काय म्हने बाई?"
"इन्फेक्शन आहे म्हणे. गोळ्या आहेत."
"हां," आबा म्हणाले. "मले वाटलंच." आणि मोसंबी सोलायला घेतली. अर्धी मला दिली.

मायलाही इन्फेक्शनच सांगितलं. शिरपूरला चारुलताला, म्हणजे बहिणीला, फोनवर खरं सांगितलं. ती रडायला लागली तेव्हा रेंज गेली असं म्हणून ठेवून दिला.

२३ जानेवारी, घरी
काल सोडलं. नळीला बाटलीऐवजी आता पिशवी. खाली तोटी आहे. रोज सकाळी सातला तोटी उघडायची, मापाच्या भांड्यात घ्यायचं, आकडा लिहायचा, मोरीत ओतायचं. हात धुऊन. रूपा सिस्टरनं माझ्याकडून दोनदा करून घेतलं. आबांनी पण शिकून घेतलं, हौसेनं.
आज ४२०.
आबांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. तिथून रस्ता दिसतो.

२५ जानेवारी
४००. काल ४३०.
पंखा खोलून तेल दिलं. मोरीचा पाइप बदलला. पत्र्यावर चढून सगळे खिळे ठोकले. माय म्हणाली, "आता खाली उतर, घरात काही मोडायचं राह्यलं नही." आबा खाटेवरून हसले तर खोकला आला.
जेवतात मात्र. दीड भाकर. पाणी बाहेर येतंय तोवर दम लागत नाही. आज ओट्यापर्यंत लालसर पाण्याची पिशवी हातात धरून चालत गेले. शेजारच्या बन्सीलालनानांनी विचारलं, "काय तोताराम, बाजाराले निंघाला का?" आबा म्हणाले, "हां, माल विकाले. घेतो का? लाल शे."

२६ जानेवारी
३९०. हलतच नाही.
दुपारी योगराजभाऊचा व्हिडिओ कॉल. पोरं टॉवरवर, मागं आभाळ, खाली समुद्राची रेघ. सगळे ओरडत होते, ए नव्या, कधी येतो. माझ्या जागी एक केरळचा पोरगा दोर बांधत होता. मला काय झालं माहीत नाही. ओट्यावर उभा राहून मोठ्यानं बोललो. म्हटलं, "मी काय करू, भाऊ? इथं अडकून पडलोय. ती नळी निघत नाही तोवर माझा दोर नळीलाच बांधलाय." भाऊ म्हणाला, दहा तारीख. मी फोन आपटला.
आत आलो. आबा भिंतीकडे तोंड करून होते. झोपले होते. बरं झालं.

२७ जानेवारी
२६०!
दोनदा बघितलं. भांडं उजेडात धरलं. माय म्हणाली, देवानं ऐकलं. मी म्हटलं, पावडर चिकटली.

२९ जानेवारी
१३०. काल २४०. मॅडमना फोटो पाठवला. लिहिलं, "छान! पण आणखी बघू या."
आबा पहाटे चारला उठतात, केळीवाल्यांची सवय. मी सातला उठतो तोपर्यंत त्यांची चूळ भरून, पेला विसळून झालेला. मोरीच्या मागची केळ यंदा जोरात आहे, बुंधा रोज सकाळी ओला असतो. मायला म्हटलं, पाइप बदलला तरी गळतोय की काय. बघितलं, गळत नव्हता.

आबांना नवीन नाद लागलाय. खाटेशेजारच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारतात. विचारलं तर म्हणाले, "गाड्या मोजतो." रस्त्यानं केळीच्या गाड्या जातात, त्या. या दिवसांत माल कमी, दिवसाला एक-दोनच रेघा. माणसाला काही तरी पाहिजेच मोजायला.

१ फेब्रुवारी
८०.
शंभराच्या खाली! परवा ११०, काल १२० होतं तेव्हा वाटलं, परत चढायला लागलं.
चारुलता आली होती. आबांसाठी मुगाचे लाडू. मला मागं नेऊन म्हणाली, "आबांना खरं सांग. त्यांचा हक्क आहे." म्हटलं, तू सांग. ती आत गेली, अर्धा तास बसली आणि तशीच बाहेर आली. "काय झालं?" म्हणाली, "ते मलाच समजावत होते. म्हणे नवीनले काही सांगू नको, तो रिपोर्ट वाचता येत नही त्याले, त्याले इन्फेक्शन वाटते."

मला हसू आलं, मग आलं नाही.

३ फेब्रुवारी
६०. काल ७०.
तीन दिवस झाले. उद्या जळगाव. परवाचं तिकीट काढलं.
संध्याकाळी आबांनी जवळ बसवलं. म्हणाले, "घड कापायच्या दिवशी कापला नही तं काय व्हते?"
"झाडावरच पिकतो."
"मंग?"
"मग व्यापारी घेत नाही."
"हां. तुही कापनी आली रे. जाय."
मी म्हटलं, आबा, तुम्ही म्हणाल तर नाही जात. हे म्हणताना मला भीती वाटत होती की ते हो म्हणतील.
"कसाले?" आबा म्हणाले. "मी काय पिकलो नही अजून."

४ फेब्रुवारी, जळगाव
आज ६०. एक्स-रे काढला. पाणी नाही, फुफ्फुस पसरलेलं. मॅडम फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या. "एक्स-रे तर चांगला आहे. नळी चालू असताना तो चांगलाच दिसणार." मग आबांकडे वळल्या. "एकदम उतरलं, आबा. मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर. आकडे बरोबर आहेत ना?"
मी वही पुढं केली. मॅडमनी वही घेतली नाही, आबांकडेच बघत राहिल्या.
आबा म्हणाले, "बाई, माही मोजणी आजपर्यंत चुकली नही. कोनालेही इचारा."
"अजून चार दिवस ठेवू या का?"
"नको. टोचते. झोप नही लागत." आबा असं कधी म्हणाले नव्हते. मला पण नाही. मी म्हटलं, हो मॅडम, फार त्रास होतो त्यांना.
काढली. एक टाका. मॅडम म्हणाल्या, थोडा जरी दम वाटला तरी त्याच दिवशी या. आबांनी मान डोलावली. मी पण.

५ फेब्रुवारी, गाडीत
भुसावळला आबा सोडायला येतो म्हणत होते, माय नको म्हणाली. ओट्यावर उभे होते, हात मोकळे, पिशवी नाही. मी वळून बघितलं तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही वर करून दंड दाखवला. बन्सीलालनाना टाळ्या वाजवत होते.
वही बरोबर घेतली. सवय झालीय.

१३ फेब्रुवारी, तिरुनेलवेलीच्या पुढं
पहिला दोर माझा. नव्वद मीटर. वर जाऊन बसलो तेव्हा पायाखाली सगळं केवढंसं. महिनाभरात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.
घरी फोन केला. आबा म्हणाले, "बरं. जेवलो. तू. जेवला का." नेटवर्क तुटत असेल.

१९ फेब्रुवारी
मायचा फोन. आबा उशा लावून बसूनच झोपतात म्हणे. म्हटलं, दवाखान्यात सवय लागली असेल. जळगावला जाऊन या म्हटलं. मागून आबांचा आवाज, "काही नही. गॅस. शे."
आबा बोलताना दोन शब्दांमध्ये खोकायला थांबतात. मी विचारलं, गाड्या मोजता का? म्हणाले, "बंद. झाल्या. आता."

२६ फेब्रुवारी
बन्सीलालनानांचा फोन. "नवीन, निंघ." एवढंच.
योगराजभाऊनं स्टेशनवर सोडलं. उतरताना म्हणाला, "माले ठाऊक नव्हतं रे, इतलं शे म्हनीसन." मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

१ मार्च, जळगाव
आबा ऑक्सिजनवर. बरगड्या मोजता येतात. मॅडमनी सोनोग्राफी दाखवली. पाणी परत भरलंय, पण आता मोकळं नाही. आत जाळी झालीय, मधाच्या पोळ्यासारखे कप्पे. अर्धवट चिकटलंय. एका कप्प्यात नळी टाकली, वाटीभर निघालं, बाकीचं जिथल्या तिथं.
"पुन्हा दुर्बीण?" मी विचारलं.
"आता ते झेपणार नाही त्यांना."
"तेव्हा आठ दिवस जास्त नळी ठेवली असती तर?"
मॅडमनी चष्मा काढला. "साठ मिली होतं, नवीन. साठला नळी काढायचीच असते. माझं हेच तर डोक्यात बसत नाहीये."

आबांनी खुणेनं जवळ बोलावलं. मास्क बाजूला करू देत नव्हतो, तरी केला.
"वर. चढला. व्हता?"
"हो."
"किती?"
"नव्वद मीटर. पहिला दोर माझा होता, आबा."
"काय. दिसते. तिथून."
"समुद्र."
आबांनी डोळे मिटले. वाटलं झोपले. मग म्हणाले, "पाह्यला ना. मंग झालं."

२ मार्च
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. रूपा सिस्टर होती. आबा शेवटपर्यंत हवा शोधत होते. गुदमरून जाणार नाहीत असं मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम पण तिथंच उभ्या होत्या.

१३ मार्च, घरी
दहावं झालं. काल पाहुणे गेले. चारुलता आज गेली. माय म्हणाली, घराला चुना मार. मला पण काही तरी करायचं होतंच.
खाट बाहेर काढली. भिंतीवर आबांच्या रेघा. चुन्याची बादली खाली ठेवली आणि बसलो.

नऊ ओळी. पहिल्या दोन ओळींत एकेक रेघ. पुढच्या सात ओळींत दोन-दोन. सगळ्या मिळून सोळा. दहावी ओळ नाही.

नऊ दिवस कुठले? नळी चार तारखेला निघाली. तिथून मागं नऊ मोजले. सत्तावीस जानेवारी.

मी बन्सीलालनानांकडे गेलो. विचारलं, जानेवारीअखेर आपल्या रस्त्यानं केळीच्या गाड्या जात होत्या का? नाना म्हणाले, "कशा जातील बाबा? पूल खोदेल नव्हता का. बठ्ठ्या गाड्या पंधरा दिवस वरच्या रस्त्यानं."

घरी आलो. फडताळातून आबांचा पेला काढला, स्टीलचा, काठाला चेपलेला. काठोकाठ भरला आणि दवाखान्याच्या मापाच्या भांड्यात ओतला. दीडशे.

मग ही वही उघडली. प्रत्येक आकड्याच्या शेजारी लिहीत गेलो.
२७ तारीख: २६० आणि एक पेला. ४१०.
२८: २४० आणि एक. ३९०.
२९: १३० आणि दोन. ४३०.
३०: ११० आणि दोन. ४१०.
३१: १२० आणि दोन. ४२०.
१: ८० आणि दोन. ३८०.
२: ७० आणि दोन. ३७०.
३: ६० आणि दोन. ३६०.
४: ६० आणि दोन. ३६०.
एक दिवस पण शंभराच्या खाली नाही. मॅडमनी पुन्हा पावडर टाकली असती. त्यात काही मोठं नव्हतं.

बाईंना दिलेला आकडा खोटा होता. भिंतीवरचा खरा. माल उतरला की रेघ ओढायचीच, स्वतःला फसवायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं.

मोरीमागं जाऊन आलो. केळीला घड धरलाय, मोठा. आधी कोयता घेऊन गेलो होतो, मग तसाच परत आलो.

माय दारात येऊन म्हणाली, "चुना सुकून चालला. केव्हाचा काय मोजतो रे?"
म्हटलं, "घड."
ती आत गेली. तिला माहीत होतं की नाही ते मी विचारलं नाही. पहाटे चारला पेला कोण विसळायचं, ते पण नाही.

पहिली रेघ सत्तावीसच्या पहाटेची. म्हणून त्याच्या आदल्या दिवसाचं पान काढलं. सव्वीस. माझंच अक्षर.
आबा भिंतीकडे तोंड करून होते. झोपले होते. बरं झालं.